भेट म्हणून द्यायचे घरगुती हॉट कोको मिश्रण : ओलावा, प्रमाण आणि बरणी

कराडहून एका भगिनींनी विचारले आहे की, नाताळ आणि नवीन वर्षानिमित्त पंचवीस जणांना घरी केलेल्या हॉट कोको मिश्रणाच्या बरण्या भेट द्यायच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांनी दूध पावडर, पिठीसाखर आणि कोको यांचे थर बरणीत भरून वर मार्शमेलो ठेवले होते. बरण्या दिसायला सुरेख होत्या, परंतु पंधरवड्यात आतले मिश्रण दगडासारखे घट्ट झाले, आणि ज्यांनी ते फोडून वापरले त्यांच्या कपात कोकोच्या गुठळ्या तरंगू लागल्या. कोणता कोको घ्यावा, साखरेऐवजी गूळ पावडर चालेल का, किती दिवस आधी तयारी करावी, आणि पुढे विक्री करायची झाल्यास काय लागते, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी सांगलीत मसाला दूध, नाचणी सत्त्व आणि कोको यांची कोरडी मिश्रणे घरगुती प्रमाणावर करून विकते, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत. भेट दिलेल्या लाडवाची किंवा चिवड्याची चव आपल्या स्वयंपाकघरातच पूर्ण झालेली असते; कोको मिश्रणाचे तसे नसते. त्याचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे कप तयार करणे, दुसऱ्याच्या घरी, आपल्या अपरोक्ष आणि बहुधा घाईत होतो. म्हणून मिश्रण करताना दोन गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवाव्यात: ते बरणीत शेवटपर्यंत कोरडे आणि मोकळे राहिले पाहिजे, आणि केवळ गरम पाणी घालून चांगला कप झाला पाहिजे. बरणीची रिबिन, थर, सजावट हे सारे त्यानंतर.

प्रथम कोकोविषयी. बाजारात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ आणि ‘कोको पावडर’ या नावांनी मिळणाऱ्या वस्तू पूर्णपणे वेगळ्या आहेत. ड्रिंकिंग चॉकलेटच्या घटकांच्या यादीत बहुतेक वेळा साखरच पहिली असते. ती पावडर आपल्या मिश्रणात घातली तर साखरेचे प्रमाण हाताबाहेर जाते आणि कोकोची चव मात्र पातळ होते. आपल्याला हवी आहे ती साखर नसलेली कोको पावडर. तिच्यातही दोन प्रकार आहेत. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी आणि चवीला किंचित आंबट असतो. दुसरा असतो अल्कलीची, म्हणजे आंबटपणा घालवणाऱ्या क्षाराची, प्रक्रिया केलेला, ज्याला ‘डच प्रोसेस’ म्हणतात. तो गडद, चवीला सौम्य आणि पाण्यात थोडा लवकर मिसळणारा असतो. या प्रकाराचा इतिहास नेदरलँड्समधील व्हॅन हौटेन पितापुत्रांपर्यंत जातो. १८२८ साली त्यांच्याकडे कोकोतील चरबी दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट होते, आणि उरलेल्या पेंडीच्या भुकटीवर अल्कलीच्या क्षारांची प्रक्रिया करण्याची पद्धतही त्यांचीच. आज आपण जी कोको पावडर विकत घेतो ती त्याच मार्गाने आलेली आहे.

दुधाच्या मिश्रणासाठी मी नेहमी डच प्रोसेस कोको वापरते, आणि आपणही तोच घ्यावा असा माझा स्पष्ट सल्ला आहे. नैसर्गिक कोकोचा आंबटपणा दूध पावडर आणि उकळते पाणी यांच्या जोडीला आला, की कपात अगदी बारीक रवाळपणा येण्याची शक्यता वाढते. पाकिटावर प्रकार लिहिलेला नसला तरी तो ओळखता येतो: घटकांमध्ये आम्लता नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ हे क्रमांक दिसले, तर त्या कोकोवर सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटची प्रक्रिया झालेली आहे असे समजावे. त्याच लेबलवर दर १०० ग्रॅममागे चरबी किती आहे तेही पाहावे. साधारणपणे १० ते १२ टक्के आणि २० ते २४ टक्के अशा दोन श्रेणींची पावडर मिळते. दुसरी महाग असते, पण केवळ पाण्यात केलेल्या कपाला जो भरीवपणा हवा असतो तो तिच्यातून येतो.

येथे दराविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकतो, आणि तेथील पीक घटल्यामुळे २०२४ साली कोकोच्या बियांचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. अशा तेजीनंतर बाजारात स्वस्त, सुटी, बिननावाची कोको पावडर दिसू लागते. तिच्यात काय मिसळले आहे हे आपल्याला घरी तपासता येत नाही. भेटवस्तूसाठी बंद पाकिटातील, घटक आणि तारीख स्पष्ट छापलेलीच पावडर घ्यावी. खर्च कमी करायचा असेल तर बरणी लहान करावी, कोकोचा दर्जा उतरवू नये.

आता दूध पावडर. अनेक जण मिश्रणात फक्त कोको आणि साखर घालतात आणि ‘गरम दुधात घाला’ असे लिहून देतात. ते चुकीचे मुळीच नाही, शिवाय ते अधिक टिकते. परंतु ज्यांना आपण भेट देतो त्यांपैकी वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, कार्यालयातील सहकारी किंवा एकटे राहणारे ज्येष्ठ यांच्याकडे त्या क्षणी दूध तापवण्याची सोय असेलच असे नाही; गरम पाणी मात्र सर्वत्र मिळते. म्हणून मी दूध पावडर घालूनच मिश्रण करते. फुल क्रीम दूध पावडरीत किमान २६ टक्के स्निग्धांश असतो. तिची चव उत्तम, पण तो स्निग्धांश काही महिन्यांत खवट होऊ लागतो. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत स्निग्धांश दीड टक्क्याहून अधिक नसतो. ती टिकाऊ असते, पण केवळ तिच्यावर केलेला कप पाणचट लागतो. दोन्ही निम्म्या निम्म्या घेतल्या की चव आणि टिकाऊपणा या दोहोंचा मेळ बसतो.

चहासाठीचा डेअरी व्हाइटनर वापरायचा झाल्यास त्याच्या लेबलवरील साखर पाहणे अत्यावश्यक आहे, कारण बहुतेक व्हाइटनरमध्ये साखर मिसळलेली असते. समजा दर १०० ग्रॅममागे १८ ग्रॅम साखर लिहिलेली आहे, तर एक किलो मिश्रणाला लागणाऱ्या ४८० ग्रॅम व्हाइटनरमधून सुमारे ८६ ग्रॅम साखर आधीच येते, आणि तितकी आपल्या साखरेतून वजा करावी लागते.

साखर आणि गूळ हा आपल्या भागातील लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कृष्णाकाठच्या उसाची साखर आणि कराड-सांगलीच्या बाजारातला गूळ घरात असताना आपण तो भेटीत का घालू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. साखरेच्या बाबतीत उत्तर सोपे आहे: एस-३० प्रतीची बारीक दाण्याची कोरडी साखर घेऊन ती घरीच दळावी. विकतच्या पिठीसाखरेत ती मोकळी राहावी म्हणून अनेकदा कॉर्नफ्लोअर घातलेले असते, आणि ती आधीच सादळलेली असण्याची शक्यता असते.

गुळाचे मात्र तसे नाही. शुद्ध साखर हवा खूप दमट झाल्याशिवाय फारशी पाणी धरत नाही. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि ते हवेतील ओलावा फार लवकर ओढून घेतात. बरणीत गूळ पावडर आणि दूध पावडर एकत्र राहिल्या, तर गूळ प्रथम चिकट होतो आणि मग त्याच्याभोवती दूध पावडर धरते. दुसरे असे की, उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटते, हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. गुळातील आम्लता आणि क्षार त्याला कारणीभूत असतात, आणि दूध पावडरीच्या कपातही ती भीती राहतेच. म्हणून माझे उत्तर असे की, भेटीच्या मिश्रणात साखरच वापरावी. ज्यांना गुळाचीच चव द्यायची आहे त्यांनी कोको, दूध पावडर आणि मीठ यांचे बिनसाखरेचे मिश्रण बरणीत भरावे, गूळ पावडरीची हवाबंद पुडी वेगळी द्यावी, आणि कप थोडा निवल्यावर गूळ घालावा असे स्पष्ट लिहावे. अशी भेट सुंदर होते, फक्त ती घेणाऱ्याला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

एक किलो मिश्रणाचे माझे प्रमाण असे आहे: दूध पावडर ४८० ग्रॅम, साखर ३२० ग्रॅम, कोको १८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १७ ग्रॅम आणि मीठ ३ ग्रॅम. १५० मिलिलिटर पाण्याच्या कपाला यातील ४० ग्रॅम मिश्रण लागते. त्या ४० ग्रॅममध्ये दूध पावडर सुमारे १९ ग्रॅम येते, म्हणजे कपातील दूध गाईच्या दुधाइतके दाट होते. साखर १३ ग्रॅमच्या आसपास आणि कोको ७ ग्रॅम. एका किलोत २५ कप होतात, आणि २०० ग्रॅमच्या एका बरणीत पाच. आपल्याला पंचवीस बरण्या करायच्या आहेत, म्हणजे एकूण पाच किलो मिश्रण. ते एकाच वेळी मोठ्या पातेल्यात कालवण्याचा मोह टाळावा, आणि एक एक किलोचे पाच घाणे करावेत; घरगुती साधनांनी पाच किलो पावडर एकजीव होत नाही. मापे वजनाचीच ठेवावीत. दाबून भरलेली एक वाटी कोको आणि मोकळी भरलेली एक वाटी कोको यांच्या वजनात इतका फरक पडतो की, वाटीच्या मापाने केलेले दोन घाणे कधीच सारखे होत नाहीत.

कॉर्नफ्लोअर कशासाठी, असे अनेक जण विचारतात. कोको पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि कप ठेवून दिला की तळाशी बसतात. थोडेसे कॉर्नफ्लोअर उकळत्या पाण्याने फुगते आणि ते कण धरून ठेवते, शिवाय बरणीत असताना मिश्रण मोकळे ठेवायलाही त्याची मदत होते. मिठाच्या चिमटीने कोकोचा कडवटपणा सौम्य होतो आणि गोडी उठून येते. ते वगळू नये, आणि वाढवूही नये.

कृतीत घाई करू नये. प्रथम साखर मिक्सरमध्ये थांबत थांबत दळावी. सलग फिरवली तर भांडे तापते, आणि तापलेल्या भांड्यातील वाफ झाकणाला धरून पुन्हा साखरेतच उतरते. साखर दळून झाली की त्यातच मीठ, कॉर्नफ्लोअर आणि सगळा कोको घालून पुन्हा थोडे थोडे फिरवावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कोकोचे कण चरबीमुळे एकमेकांना धरून राहतात. त्यांच्यामध्ये साखरेचे कण शिरले की ते वेगळे होतात, आणि कपात पाणी पडल्यावर साखर विरघळताना पाणी थेट प्रत्येक कणापर्यंत पोहोचते. आपल्या गेल्या वर्षीच्या कपांत गुठळ्या तरंगल्या, त्याचे मुख्य कारण हेच आहे. थर लावलेल्या बरणीत कोको साखरेत कधी मिसळलाच नव्हता, आणि पाणी पडताच तो बाहेरून भिजला पण आतून कोरडा राहिला.

कोको आणि साखरेचे हे मिश्रण मैद्याच्या चाळणीने चाळावे. मग दूध पावडर घालावी: आधी निम्मी, मग उरलेली, आणि प्रत्येक वेळी उलथ्याने खालून वर काढत कालवावे. शेवटी सगळे पुन्हा दोनदा चाळावे. दूध पावडर मिक्सरमध्ये फिरवू नये. तिच्यातील स्निग्धांश उष्णतेने मोकळा होतो आणि मिश्रण भांड्याला लागते. मिश्रण खरोखर एकजीव झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यातील चमचाभर पांढऱ्या कागदावर ठेवून चमच्याच्या पाठीने एकदाच दाबत ओढावे. पट्ट्यात पांढऱ्या किंवा गडद रेषा दिसल्या तर आणखी एकदा चाळावे. सर्वत्र एकच फिकट तपकिरी रंग दिसला की घाणा झाला.

आता ओलाव्याकडे वळू, कारण दगड झालेल्या बरण्यांचे उत्तर तेथे आहे. फवारून वाळवलेल्या दूध पावडरीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, भरपूर असते. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तर जवळजवळ निम्मे. ते ज्या अवस्थेत असते ती ओलाव्याला अतिशय संवेदनशील असते: थोडासा ओलावा मिळाला की ते आधी चिकट होते आणि मग स्फटिक बनून शेजारच्या कणांना कायमचे सांधून टाकते. असे घट्ट झालेले मिश्रण पुन्हा दळून चालत नाही, कारण ते पाण्यात नीट मिसळण्याचा गुण गमावून बसलेले असते. आपल्या बरणीत हा ओलावा मार्शमेलोतून आला असावा असे मला वाटते. मार्शमेलो हाताला कोरडा लागला तरी त्यात बरेच पाणी असते, आणि बंद बरणीत ते पाणी हळूहळू कोरड्या पावडरीकडे जाते. मार्शमेलो कडक होतो आणि पावडर घट्ट. दोघेही एकाच बंद जागेत असणे हाच दोष आहे. मार्शमेलो द्यायचेच असतील तर वेगळ्या बंद पुडीत, बरणीच्या बाहेर बांधून द्यावेत.

मार्शमेलोविषयी आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. बहुतेक मार्शमेलो जिलेटिनपासून बनतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेले असते. शाकाहारी घरात अशी भेट अनवधानानेही जाऊ नये. हिरवी खूण असलेले, जिलेटिनविरहित मार्शमेलो मिळतात. ते मिळाले नाहीत तर हा घटक सरळ वगळावा. कोको त्याच्यावाचून अडत नाही.

हवामान मात्र या कामी आपल्या बाजूचे आहे. पावसाळ्यात कृष्णेच्या काठी असे मिश्रण करणे कठीण असते, पण डिसेंबरात सांगली-साताऱ्याकडची हवा कोरडी होते. सकाळचे धुके ओसरल्यानंतर, साधारण अकरा ते चारच्या दरम्यान, हे काम करावे. त्या वेळी स्वयंपाकघरात कुकर, इडलीपात्र किंवा चहाचे आधण चालू असू नये. वाफ दिसत नसली तरी ती पावडरीत जाते. महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळच्या दवाचा विचार करून काम आणखी आटोपशीर वेळेत उरकावे.

बरण्या काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या घ्याव्यात. त्या कामाच्या आदल्या दिवशी धुऊन, पुसून, कडक उन्हात उलट्या न ठेवता सुलट्या ठेवून वाळवाव्यात. उलट्या ठेवलेल्या बरणीत आतली वाफ अडकते. उन्हातून आणलेली बरणी पूर्ण निवल्यानंतरच भरावी, कारण ऊबदार बरणीचे झाकण लावले की रात्रीच्या गारव्यात आत दव धरते. झाकणातील रबराची चकती ओली राहण्याचा संभव सर्वाधिक असतो. ती सुईने उचलून वेगळी वाळवावी. २०० ग्रॅम मिश्रणाला सुमारे ४०० मिलिलिटरची बरणी लागते, तरी मोठी खरेदी करण्यापूर्वी एक बरणी भरून पाहावी. भरताना बरणी हळूच आपटून मिश्रण बसवावे आणि मोकळी जागा कमीत कमी ठेवावी. अन्नपदार्थांसाठीच्या सिलिका जेलची लहान पुडी घालता येते, पण ती फाटणारी नसावी आणि लेबलवर तिचा उल्लेख असावा; लहान मुले असलेल्या घरी देताना मी ती घालतच नाही.

लोणच्याच्या जुन्या बरण्या वापरू नयेत, कितीही स्वच्छ धुतल्या तरी. कोको आणि दूध पावडर दोन्ही वास फार लवकर धरतात. याच कारणाने भेटीच्या टोपलीत सुगंधी मेणबत्ती, साबण किंवा उदबत्ती कोको मिश्रणाशेजारी ठेवू नये, आणि ज्या दिवशी घरात गरम मसाला कुटला जातो त्या दिवशी हे मिश्रण करू नये.

चवीसाठी वेगळे काही घालायचे असेल तर मी आपल्या मसाला दुधाच्या परंपरेकडे वळते. एका किलोला ४ ग्रॅम वेलदोड्याची पूड आणि १ ग्रॅम जायफळ हे प्रमाण मला सर्वांत आवडते. सुंठ घालायची तर ५ ग्रॅम पुरे. वेलदोडे साखरेबरोबरच दळावेत म्हणजे त्यांचा सुगंध साखरेत बसतो. जायफळ जास्त झाले तर कडवट होते, म्हणून तेथे हात आखडता ठेवावा. इन्स्टंट कॉफीची ५ ग्रॅम पूड घातली तर कॉफीची चव जाणवत नाही, पण कोको अधिक गडद लागतो. मात्र लेबलवर ती लिहावी. केशर, बदामाचे काप आणि पिस्ते दिसायला छान असले, तरी सुकामेव्याचे तेल मिश्रणाला लवकर खवट करते आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना ते धोक्याचे असते. किसलेले चॉकलेट घालण्याची फार हौस असते. त्यातील कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी तापमान तिशीच्या आसपास असते आणि उन्हात उभ्या एस.टी.च्या टपावर किंवा बंद मोटारीत त्याहून बरेच जास्त. अशा प्रवासात किस वितळून पुन्हा गोळा होतो. जवळच्या घरी स्वतः नेऊन देणार असाल तरच तो घालावा.

थरांविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते लावू नयेत. ज्या पाककृतीत संपूर्ण बरणी एकदम भांड्यात ओतायची असते तेथे थर शोभतात. कोकोची बरणी चमच्याचमच्याने संपते; पहिल्या कपात नुसते दूध, मधल्यात साखर आणि शेवटच्यात कडू कोको येतो. सौंदर्य हवे असेल तर झाकणावर इरकलीचा किंवा खणाचा गोल तुकडा दोऱ्याने बांधावा. आपल्याकडे तो सहज मिळतो आणि बरणी संपल्यावर घरात राहतो.

लेबल हा या भेटीचा भाग आहे, आणि त्यावर कृती जितकी नेमकी तितका कप चांगला. मी हे शब्द वापरते: ‘कपात चार पोह्याचे चमचे मिश्रण घ्या. त्यात दोन चमचे उकळते पाणी घालून गुळगुळीत लेप होईपर्यंत ढवळा. मग उरलेले गरम पाणी, एकूण १५० मिलिलिटर, हळूहळू ओता. ओला चमचा बरणीत घालू नका.’ चार हा आकडा माझ्या घरच्या चमच्याचा आहे. आपण आपल्या चमच्याने ४० ग्रॅम मोजून स्वतःचा आकडा लिहावा. आधी लेप करण्याची सूचना कोणत्याही कारणाने गाळू नये. बाजारातील तयार पावडरींवर त्या पाण्यात झटकन भिजाव्यात म्हणून यंत्रांनी दाणे बनवण्याची आणि लेसिथिन (चरबी व पाणी मिसळायला मदत करणारा घटक) लावण्याची प्रक्रिया केलेली असते. घरच्या मिश्रणाला ती सोय नाही, म्हणून तो दोन चमचे पाण्याचा लेपच तिची जागा घेतो. त्याखाली सर्व घटक, ‘दुधाचे पदार्थ आहेत’ ही सूचना, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत लिहावी. मुदत ठरवताना सर्व घटकांपैकी ज्याच्या पाकिटावरील तारीख सर्वांत लवकर संपते ती पाहावी, आणि ती कितीही लांबची असली तरी मी तीन महिन्यांपुढे जात नाही. बरणी उघडल्यानंतर एक महिना. मधुमेह असलेल्यांना ही भेट देताना कपातील १३ ग्रॅम साखरेचा आकडाही लिहावा, म्हणजे त्यांना स्वतःचा निर्णय घेता येतो. त्या १३ ग्रॅममध्ये दूध पावडरीतील लॅक्टोज धरलेले नाही, हेही त्यांना सांगावे.

तयारी किती आधी करावी? नाताळासाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा योग्य. त्याहून आधी करण्याची गरज नाही, आणि अगदी चोवीस तारखेवर ठेवले तर चाळण्याच्या कामात कुचराई होते. करून झाल्यावर एक बरणी आठवडाभर घरीच ठेवावी आणि रोज हलवून पाहावी. मिश्रण आवाज न करता वाळूसारखे सरकले पाहिजे. ते भिंतीला धरून एकसंध पडू लागले, तर बाकीच्या बरण्या देण्याआधीच आपल्याला कळते.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाच्या परिसरात नाताळचा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि आपल्या भागातील ख्रिस्ती घरांतून करंज्या-चकल्यांचा फराळ शेजारीपाजारी वाटला जातो. त्या ताटाची परतफेड म्हणून कोको मिश्रणाची बरणी फार शोभते. उरलेले मिश्रण असेल तर ४० ग्रॅमच्या हवाबंद पुड्या कराव्यात. एक पुडी म्हणजे एक कप, मोजण्याचीही गरज नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी अशी पुडी वाण म्हणून दिली तर ती खरोखर वापरली जाते, आणि जानेवारीतील थंडीही तिला साजेशी असते.

परदेशी असलेल्या मुलांना पाठवण्याचा विचार असेल तर दूध पावडर घालू नये, कारण ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांत दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि पार्सल तेथेच अडते. त्यांच्यासाठी कोको एक भाग, साखर दोन भाग आणि चिमूटभर मीठ, एवढेच करावे, आणि २०० मिलिलिटर गरम दुधाला २० ग्रॅम असे लिहावे. पाठवण्यापूर्वी त्या देशाचे त्या वर्षीचे नियम तपासावेत.

विक्रीविषयी थोडक्यात. भेट देण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. परंतु एकही बरणी पैसे घेऊन दिली, तर अन्नसुरक्षा कायद्यानुसार एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. लहान घरगुती उद्योगासाठी मूलभूत नोंदणी ऑनलाइन अर्जाने होते, आणि मिळालेला चौदा अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. त्याखेरीज घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, उत्पादनाची व मुदतीची तारीख, घाण्याचा क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण आणि आपला पत्ता द्यावा लागतो. कोणत्याही लेबलवर ‘आरोग्यदायी’ किंवा ‘शक्तिवर्धक’ असे शब्द घालू नयेत. हे एक गोड, चविष्ट पेय आहे आणि तसेच ते सांगावे. यंदाच्या पंचवीस बरण्यांच्या पाच घाण्यांखेरीज एक जादा घाणा करून त्यातील ५०० ग्रॅम मिश्रण घरी बाजूला ठेवावे, तारीख लिहून, आणि मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्यातून एक कप करून पाहावा, म्हणजे विक्रीच्या बरणीवर लिहायची मुदत आपल्याच स्वयंपाकघरात तपासलेली असेल.